तिसऱ्या डिस्कची नोंद

निवृत्तीच्या दिवशी गणवेश, ओळखपत्र, शिट्टी सगळे जमा केले, पण जव्हारचे एक प्रकरण काही जमा करता आले नाही. माझ्या हातून एका निरपराध मुलीला अटक होता होता राहिली. नावे कोणाचीच देत नाही.

जव्हारच्या एका कार्यालयात दोन तालुक्यांतल्या वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे संगणकात ठेवलेली होती. पोशेरा, सूर्यमाळ भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे चित्रित जबाबही त्यात होते. कोणाचा बाप कुठला उतार कसत होता, कोणाची नागली कुठल्या ओहोळापर्यंत होती, हे त्यांनी तोंडाने सांगितलेले. त्यातली काही माणसे पुढे वारली. एका सोमवारी पाहतात तर सगळे गायब. संगणकात नाही आणि जोडलेल्या डिस्कवर रोज निघणाऱ्या नकलेतही नाही. मुख्य लिपिकाने फिर्याद दिली आणि संशय घेतला तो कंत्राटावरच्या संगणक चालक मुलीवर. तिच्या काकाचा शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद होता आणि शेजाऱ्याच्या बाजूचा एक जबाब त्याच फाइलींत होता. म्हणजे हेतू आयताच मिळाला.

दुसऱ्या दिवशी खबरही आली. कार्यालयासमोरचा चहावाला माझा जुना खबऱ्या. शुक्रवारी ती मुलगी काहीतरी ओढणीत गुंडाळून घेऊन गेली, असे त्याने सांगितले. खबर खरी होती, हे आधीच कबूल करतो. तिचा अर्थ मी लावला, तिथे घोड्याने पेंड खाल्ली.

मुलीला चौकशीला बोलावले. वांगणीहून ती अर्धी वाट चालत आणि अर्धी जीपने आली. महिला शिपाई शेजारी बसवून मी दुपारपर्यंत प्रश्न विचारले. फाइली पुसल्या का, असे विचारले की सरळ बघून नाही म्हणे. ओढणीत काय होते, असे विचारले की मान खाली. एकदा म्हणाली डबा, एकदा म्हणाली पुस्तक. खाई त्याला खवखवे, हा माझा नोकरीभरचा ठोकताळा. मी ठाणे अंमलदाराला अटकेची कागदपत्रे तयार करायला सांगून मोकळा झालो.

तेवढ्यात सायबर शाखेतून संगणक तपासायला आलेल्या हवालदार बाई माझ्या खोलीत आल्या. माझ्याहून वयाने निम्म्या, पण बोलायला ठाम. म्हणाल्या, "सर, अटक आजच्या दिवस थांबवा. नक्कल काढणाऱ्या प्रोग्रामनं बरंच लिहून ठेवलंय, ते आधी बघा."

संगणकाचे नाव काढले की माझे डोके दुखायचे. बाईंनी शांतपणे समजावले. असा प्रोग्राम एरवी रोज एकच ओळ लिहितो, नक्कल पूर्ण झाली किंवा नाही झाली. पण महिन्यापूर्वी डिस्क कुरकुरते म्हणून मुलीने मदत केंद्राला फोन केला होता, आणि त्यांच्या सांगण्यावरून डीबग लॉग नावाची सविस्तर नोंदवही तिनेच चालू केली होती. त्या वहीत प्रोग्राम आपल्या कामाबरोबर यंत्राची प्रकृतीही लिहितो. डिस्कवर चुका किती, मागच्या वेळी संगणक नीट बंद झाला का, कोणकोणत्या डिस्क जोडलेल्या आहेत. बाईंचा सवाल साधा होता. जिला फाइली पुसायच्या आहेत, ती स्वतःवर एवढा पहारा कशाला बसवील?

आम्ही वही वाचायला बसलो. रोज सकाळी तीच नोंद, काल संगणक अचानक बंद पडला. कार्यालयाच्या शिपायाला बोलावून विचारले. आदल्या पावसात वीज पडून जुना संगणक जळाला होता, तेव्हापासून तो पाच वाजले की संगणक चालू असो नसो, मेन स्विच खाली ओढत असे. बिचारा कार्यालय वाचवत होता. त्या रोजच्या धक्क्यांनी डिस्क खिळखिळी झाली, चुका वाढत गेल्या आणि सोमवारी फाइली ठेवलेले कप्पेच उघडेनात. मूळ जागा रिकामी दिसल्यावर प्रोग्रामने नक्कलही रिकामी केली. कोणी काही पुसलेच नव्हते.

शुक्रवारच्या नोंदीत मात्र दोनऐवजी तीन डिस्क होत्या.

मी मुलीसमोर बसलो आणि आवाज खाली आणून विचारले, तिसरी डिस्क कोणाची? ती रडायला लागली. म्हणाली, "भावाची, साहेब. तो शाळेत मास्तर हाय. खाजगी डिस्क लावली तर कामावरून काढून टाकू, असा हुकूम होता. तीनदा सांगितलं डिस्क खराब झाली, कोणी ऐकलं नाय. ते म्हातारे परत कुठून आणायचे? म्हणून नक्कल घेतली. माझं जाऊ दे, भावाची नोकरी जाईल म्हणून बोलले नाय."

वांगणीला तिच्या घरी भाताच्या कणगीतून, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांतून ती डिस्क निघाली. पंचांसमोर उघडली. सगळे जबाब होते, काकाच्या विरोधातला सुद्धा. पहिल्याच चित्रफितीत एक म्हातारा बोट दाखवून आपली हद्द सांगत होता. पंचांपैकी एकाचा तो चुलता निघाला. तो माणूस हात जोडून शेवटपर्यंत उभाच राहिला. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

मुलीवर कारवाई झाली नाही. मुख्य लिपिकानेच तिच्या कंत्राटासाठी वर पत्र लिहिले. आज ती दुसऱ्या कार्यालयांतल्या मुलामुलींना हेच काम शिकवते.

डिस्क सापडली त्या संध्याकाळी मी स्टेशन डायरी उघडली. दुपारी मी लिहिले होते, 'सदर महिला उडवाउडवीची उत्तरे देते.' शब्द खरा होता, पण तो एका ओळीचा लॉग होता. ती उत्तरे कोणत्या स्थितीत दिली, हे मी लिहिलेच नव्हते. यंत्राने आपली स्थिती लिहून ठेवली होती, म्हणून ती मुलगी वाचली. मी खाली नवी नोंद केली: 'सदर महिला पहाटे घरून उपाशी निघाली होती. दुपारपर्यंत तिला कोणी पाणी विचारले नाही. मीही नाही.' आणि सही केली.