आमचे दाजी आणि चुकलेलं शिंग

आमच्या दाजींइतकी चित्रं अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कुणी काढली नसतील, आणि त्यांतलं एकही त्यांच्या मते पुरं झालं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती. येडशीच्या बाजारात रस्त्यावरच उकिडवे बसून ते कोळशानं, खडूनं, विटेच्या तुकड्यानं देवी, बैल, पुढारी, मनात येईल ते काढायचे. दुपारपर्यंत लोकांच्या पायांनी निम्मं पुसलं जायचं, उरलेलं संध्याकाळी शेळ्या तुडवत न्यायच्या. दाजींना त्याचं काडीचं दुःख नव्हतं. चुकलेला डोळा आपसूक गेला म्हणून उलट ते खूश असत. घरी परातीतल्या पिठावरसुद्धा त्यांचं बोट फिरे. बहीण म्हणायची, आमच्याकडं भाकरी न्हाय, चित्रंच खातात.

साठी उलटल्यावर त्यांचं नशीब फिरलं. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी रस्त्यावरचे ते बैल पाहिले, दाजींना कॅनव्हास आणि रंग आणून दिले आणि वर्षभरानं प्रदर्शन भरवलं. सगळी चित्रं विकली गेली. घरात पेढे वाटले आणि दाजींची झोप उडाली. आता काहीच पुसलं जाणार नव्हतं. चुकलेलं शिंग कुणाच्या तरी बैठकीत जन्मभर चुकलेलंच राहणार होतं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी शाळेतून नुकताच निवृत्त झालेला, म्हणजे सगळ्यांच्या लेखी रिकामा. एसटीत रंगांची पेटी माझ्या मांडीवर. तुळजापूर, सोलापूर, ईट. जिथं चित्र गेलं तिथं आम्ही. घरची मंडळी चहा टाकेपर्यंत दाजी खुर्चीवर चढून बैलाचं शिंग दुरुस्त करत. ईटच्या एका डॉक्टरांनी तिसऱ्या खेपेला आम्हाला लांबून पाहिलं आणि चित्र पलंगाखाली सारलं. दाजी शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, पेशंट बघितल्याबिगर आमी जात न्हाय."

परतताना माझी कंबर धरायची. एकदा वैतागून मी म्हणालो, "दाजी, सोडा की आता. कुणाला कळतंय?"

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मीबी लई थकलोय. पण मला दिसतंय, त्याला काय करू?"

पुढं दाजींचा हात थरथरायला लागला आणि प्रवास थांबला. मग दुरुस्तीला एकच चित्र उरलं, चुलीपुढं बसलेल्या बहिणीचं. रोज नाक काढायचं, रोज खरवडायचं. ती बसल्या जागी डुलक्या घ्यायची, पण त्यांनी सांगितल्याशिवाय कधी उठली नाही.

गेल्या उन्हाळ्यात दाजी गेले. दिवसकार्य झाल्यावर पुण्याच्या बाई आल्या. दाजींची चित्रं एका मोठ्या दालनात कायमची लावायची, असं त्यांनी ठरवलं होतं. प्रदर्शनानंतर काढलेली, घरात राहिलेली सगळी बहिणीनं काढून दिली. चुलीपुढच्या त्या चित्रावर मात्र तिनं आपलं धुतलेलं पातळ टाकलं.

"त्येचं नाक व्हायचंय अजून," ती म्हणाली, आणि जाऊन रोजच्या जागी बसली.