कासवासाठी थांबलेली गाडी

त्सिवेरीच्या लहानपणी बैलगाडीला रोज उशीर व्हायचा आणि त्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही. पाठीवर पिवळ्या चांदण्या मिरवणारं कासव वाट ओलांडू लागलं, की बैल आपणहून थांबायचे. बाप निवडुंगाचं बोंड सोलत म्हणायचा, "जाऊ दे त्याला. आपल्या आधीपासून राहतंय ते इथं."

तांद्रोय जमातीचा माणूस कासव खात नाही, त्याला हातही लावत नाही. पूर्वजांचा तो दंडक. म्हणून मादागास्करच्या त्या कोरड्या, काटेरी दक्षिण टोकाला कासवं दगडगोट्यांसारखी जागोजागी पडलेली असायची. जगात दुसरीकडे कुठंच नसलेली.

मग परमुलखातले लोक पोती घेऊन आले. वीस पोती त्सिवेरीनं आपल्याच गाडीतून समुद्रापर्यंत पोचवली. कोळसा आहे, असं ते म्हणाले होते. वाटेत पोत्यांतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. त्याला कळलं होतं. पण पोतं सोडायचं तर हात लागणार, म्हणून त्यानं मान वळवली नाही, बैल हाकत राहिला. आपला हात विटाळला नाही, याचं त्याला तेव्हा समाधानच वाटलं होतं.

पुढं वर्षामागून वर्षं वाट मोकळी होत गेली. म्हातारपणी त्सिवेरी सगळीकडे वेळेवर पोचू लागला आणि तेच त्याला सोसेना.

अशात एका दुपारी गावाबाहेर वाळूत ट्रक रुतला. चोरांकडून सोडवलेली चाळीस कासवं पेट्यांत होती. ती परत या जंगलात सोडायला व्होलोलोना नावाची बाई घेऊन आली होती. ड्रायव्हर मदत आणायला पायी गेलेला. पेट्यांवर ऊन तापत होतं आणि चिंचेची सावली बरीच लांब.

"गाडी न्या, बाई," गावकरी म्हणाले. "हात तेवढे मागू नका."

"मी एकटी चाळीस कशी उतरवू? तोवर भाजून मरतील."

त्सिवेरी उठला. त्याची बायको हाओवा म्हणाली, "कुठं निघालात? या वयात पूर्वजांशी भांडण?"

"जुनंच आहे. वीस पोत्यांचं."

"शिवलात तर शुद्धीला बकरी द्यावी लागेल. एकच आहे, तीही माझी."

"म्हणून तर तुला विचारतोय."

"विचारताय कुठं? सांगताय." तिनं खांद्यावरचं वस्त्र काढून त्याच्यापुढं टाकलं. "हे तरी हाताला गुंडाळा."

त्यानं ते वस्त्र उन्हातल्या पेटीवर पसरलं आणि पहिलं कासव उघड्या हातांनी उचललं. नखं लाकडावर खरवडली. तोच आवाज. पण त्यानं कासव खाली ठेवलं नाही. दिवस कलेपर्यंत एकोणचाळीस सावलीत पोचली. एक पेटीतच गेलं होतं, तेही त्यानंच उचललं.

बकरी गेली. हाओवानं तिचं दावं तेवढं गुंडाळून ठेवलं.

दोन वर्षांनी बाजाराच्या वाटेवर बैल अचानक थांबले. समोर पिवळ्या चांदण्या संथपणे वाट ओलांडत होत्या.

"बाजार उठेल," हाओवा म्हणाली.

"उठू दे," म्हणून त्सिवेरीनं खिशातलं बोंड काढलं आणि सावकाश सोलायला घेतलं. अर्धं तिला दिलं.