एक घोट कमी

शालनमावशी माझ्या कॉफीच्या ग्लासातला पहिला घोट स्वतः प्यायच्या आणि मगच ग्लास माझ्या हातात द्यायच्या. दुसऱ्या कुणाच्या ग्लासाला त्यांनी कधी ओठ लावला नाही. वरच्या खोलीत राहणाऱ्या रेवतीचा ग्लास काठोकाठ. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचासुद्धा काठोकाठ. माझा तेवढा एक घोट कमी. नगरजवळ केडगावात त्यांच्या घरी राहिले त्या सगळ्या उन्हाळ्यांत तो एक घोट मला सलत राहिला.

मी गोंदियाकडची. नववीत शाळा सुटली आणि गावच्या एका बाईच्या ओळखीने नगरला गणवेश शिवायच्या कामावर आले. मावशींनी स्वयंपाकघरामागची खोली दिली. कुणाची, कुठली, काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "जेवलीस का?"

"हो जी," मी म्हणाले. खरं तर जेवले नव्हते.

"जी-जी करू नको. मी काय तहसीलदार हाय व्हय? घे ताट."

ते ताट मी जन्मभर विसरणार नाही. पण उपकाराबरोबर धास्तीही येते. कधी चुकेन आणि कधी 'जा' म्हणतील, याची धाकधूक मनात कायम असायची. फ्रिजचं दारही मी विचारून उघडायचे. आणि असं राहणाऱ्या माणसाची नजर फार वाईट असते हो. कुणाला किती वाढलं, कुणाला आधी हाक मारली, सगळं तिला दिसतं. रेवती शेवगावची, फार्मसीला शिकणारी. घरी आली की चप्पल कुठेही भिरकावून "मावशी, कॉफी!" म्हणून ओरडायची. तशी हाक मारायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून तिच्या आवाजाचाही मला हेवा वाटायचा.

आता ती कॉफी. मावशी देवळाली प्रवऱ्याच्या, उसाच्या शेतात वाढलेल्या. चहाशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा अविनाश बंगळूरला नोकरीला. त्याने आठ कोपऱ्यांची, ॲल्युमिनियमची एक छोटी किटली आणून दिली होती. मावशींनी बघताक्षणी तिचं बारसं केलं : बंब. "न्हाणीतल्या बंबाचं पिल्लू हाय हे. खाली पानी, मधी पूड, वर औषध." पाणी तापलं की वाफेच्या जोराने पुडीतून वर चढायचं आणि वरच्या भांड्यात काळाभोर, दाट अर्क गुरगुरत उतरायचा. गॅस अगदी बारीक. मी मोठा करायला गेले की हातावर चापट. "घाई केली की कडू हुती. मानसाचंबी तसंच."

रेवतीने एकदा सांगितलं की कॅफेत गार कॉफीसाठी साखरेचा पाक करून ठेवतात, कारण साखर गारात विरघळत नाही. मावशी उठल्या आणि माहेराहून आलेली काकवीची बरणी घेऊन आल्या. "पाक कशाला शिजवायचा? हा आयता हाय की." तेव्हापासून तळाला चमचाभर काकवी थोड्या दुधात ढवळलेली, वर ग्लासभर बर्फ, त्यावर साय काढलेलं थंड दूध आणि शेवटी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडलेला अर्क. खाली तांबूस, मध्ये पांढरं, वर काळं. दिसायला इतकं देखणं, की रेवती फोटो काढल्याशिवाय प्यायची नाही. माझ्या ग्लासाचा फोटो निघायचा प्रश्नच नव्हता. मावशींच्या घोटाने थर मोडलेले असायचे.

एका दुपारी धीर करून म्हटलं, "मावशी, माझीच का चाखता जी?"

"चाखल्याबिगर वाढू न्हाई. कुनाला कडू गेली म्हंजी?"

"मग एखाद दिवशी रेवतीची चाखा ना."

"तिचा फोटू बिघडंल की!" म्हणून मावशी लई हसल्या. रेवतीही हसली. मीही हसले, आत मात्र शिलाईची सुई बोटात जावी तसं झालं. फुकट ताट मिळालेलीने ग्लास भरून मागू नये, असं स्वतःला बजावलं.

पुढच्या मे महिन्यात अविनाशदादा आला. आईला कायमचं बंगळूरला न्यायलाच आला होता. आल्या आल्या पोरासारखा ओट्यावर चढून बसला. मावशींनी बंब चढवला, ग्लास मांडले. मी दाराशी उभी. मावशींनी एक ग्लास उचलला, एक घोट घेतला, "हं, झाली," म्हणाल्या आणि तो ग्लास अविनाशदादाच्या हातात दिला. त्याने बघितलंही नाही. फोनवर बोलता बोलता प्यायला लागला.

मग त्यांनी माझा ग्लास दिला. काठोकाठ. तिन्ही थर जागच्या जागी.

"दुर्गा, थांब, आज तुझाही फोटो!" रेवती म्हणाली.

मला तो ग्लास धरवेना. इतके उन्हाळे ज्यासाठी झुरले ते हातात होतं, आणि मी बघत होते दादाच्या ग्लासाकडे. तो घोट पोटच्या पोराचा होता तर! रेवतीचाही कधी वाटला नव्हता इतका हेवा मला दादाचा वाटला. त्याला तर कळतही नव्हतं आपल्याला काय मिळालंय!

"काय गं, अगोड झाली का?" मावशींनी विचारलं.

"नाही जी. चांगली आहे."

"मग पी की. बरफ चालला इरघळून."

मी बेसिनपाशी गेले आणि पाठ करून कशीबशी संपवली.  मावशी माझ्याकडे बघत होत्या, हे माझ्या पाठीला कळत होतं.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. सामान भरलं होतं, बंब तेवढा गॅसवर. "ह्यो शेवटाला भरायचा," असा मावशींचा हुकूम. रेवतीचा ग्लास काठोकाठ भरून तिला दिला. अविनाशदादाचा उचलला, घोट घेतला, त्याला दिला. मग माझा उचलला. माझ्याकडे बघत बघत त्यातलाही एक घोट घेतला.

"आई, एकाच किटलीतली आहे ना?" दादा म्हणाला. "दोनदा काय चाखतेस?"

"तू गप पी," मावशी म्हणाल्या आणि ग्लास माझ्यापुढे धरला. "घे गं दुर्गे."

काठापासून घोटभर खाली, थर मोडलेली. काठावर जिथे त्यांच्या ओठांची ओल होती, तिथूनच मी प्यायले.