उघडी पडलेली भिंत
भिजवलेल्या चुन्याचा वास आला, की लग्नानंतरचा माझा शिरूरमधला पहिला उन्हाळा आठवतो. आमच्या गल्लीत घराला घर चिकटलेलं. शेजाऱ्यांनी त्यांचं पाडलं आणि आमची मातीच्या विटांची भिंत उघडी पडली. "वहिनी, तुमचंबी पाडा. पावसाळा न्हाई काढायचं हे," शेजारी सासूबाईंना म्हणाले. सासूबाईंनी पदर खोचला, शेजाऱ्यांच्याच मोकळ्या जागेत शिडी लावली आणि भिंतीला चुन्याचा गिलावा करायला लागल्या. "अवं, जागा आमची हाय!" शेजारी ओरडले. "व्हय, आन् भिंत माझी हाय," सासूबाई वरूनच म्हणाल्या, "जरा घमेलं द्या वर." शेजाऱ्यांनी दिलं. ते घर आता मी सांभाळते. विकत घ्यायला येणाऱ्यांना चहा पाजते, आणि नाही म्हणते.