रंधामामांचा न हललेला आकडा

…आणि वाचनालयाचं ते सागवानी दार मामांच्या हातून सुटलं नि धाडकन पायरीवर आपटलं. काल बोलणं तिथेच थांबलं होतं, नाही का? मामा म्हणजे आपले सुतार, रंधामामा. उभा जन्म रंधा मारण्यात गेला, म्हणून लहानथोरांनी ठेवलेलं नाव. एकेकाळी दंड असे, की सदऱ्याची बाही उसवायची. आणि आता दारानेच दगा दिला!

मामी कडाडल्या, "पुरे झालं! उद्या दार अंगावर पडलं तर मी काय चौकटीशी संसार करू? दुकानाला कुलूप लावा."

"लावतो की," मामा म्हणाले, "पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या तरच."

जावई शाळेत शिक्षक, व्यायामाचा भारी नाद. त्यांनी सासऱ्यांनाही व्यायामशाळेत ओढलं. मामा लोखंड उचलत आणि कुरकुरत, "एवढं उचलायचं, आणि परत जागेवरच ठेवायचं? हे कसलं काम!" पण नेमाने जात राहिले. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त तपासलं, एकदा वजन उचलण्याआधी आणि एकदा उचलल्यावर.

रिपोर्ट जावयांनी वाचला. त्यांच्या स्वतःच्या टेस्टोस्टेरॉनने टुणकन उडी मारलेली. सासऱ्यांच्या आकड्यापाशी मात्र ते घुटमळले.

"मामा, तुमचा आकडा... जवळजवळ हललाच नाही."

"कुणाचा, त्या टोस्टचा?" मामा हसले, पण हसू ओठांवरच वाळलं. तडक दुकानात गेले, रंध्यांची पाती काढली, तेलाने पुसली आणि एकेक जुन्या फडक्यात गुंडाळू लागले. मामी दारातून बघत होत्या. कुलूप त्यांनाच हवं होतं. पण नवरा असा आवराआवर करताना दिसला, तशा त्या पुढे झाल्या आणि त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"उठा बघू. जावईबापूंच्या वाचण्यावर कुलूप नाही लागायचं. चला बाईंकडे."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून मान डोलावली. "खरं आहे. तरुणपणी वजन उचललं की हे हार्मोन उसळतं. वय वाढलं की उसळी कमी होते. बहुतेक पुरुषांचं असंच."

"म्हणजे माझे दंड गेले?"

"कोण म्हणालं? स्नायू काही त्या घडीभराच्या उसळीवर जगत नाहीत. पहिल्यांदा जे वजन उचलताना तोंड लाल व्हायचं, ते आता गप्पा मारत उचलता ना?"

"मारतात. फार मारतात," मामींनी साक्ष दिली.

"मग जोर येतोच आहे! फक्त दमाने घ्या, मधे विश्रांती द्या. आणि जड दार एकट्याने धरायचं नाही."

मामांच्या छातीवरची धोंड अशी उतरली, की घरी परतताना मामींना मागून पळावं लागलं.

इतके महिने दुकानात पडून असलेल्या दाराचा, आपटून उडालेला टवका चार दिवसांत बुजवून मामा पुन्हा वाचनालयात हजर. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला स्वतः. दार उचललं, बिजागऱ्या बसल्या, खिळा आत गेला. मामांनी एका बोटाने लोटलं. ना कुरकुर, ना घासणं.

मामींना राहवेना. "काय हो, तुमचा आकडा हलेना म्हणतात, आणि दार बरं हललं?"

मामांनी कानावरची पेन्सिल काढून दारावर टक्‌ टक्‌ वाजवली आणि म्हणाले,

"अगं, कच्चं लाकूड हलतं, वाकतं, पीळ खातं. हलायचं थांबलं की त्याला मुरलेलं म्हणतात, आणि दार त्याचंच करतात!"