मावशीच्या आवाजातली राणी

आमच्या घरात भूत मी आणलं, आणि तेही दहावीच्या अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी.

मी नंदुरबारजवळच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. राहते कोरीटला. त्या वर्षी मी ठरवलं होतं की मुलांना एक जुनं, अभिजात इंग्रजी नाटक सबंध शिकवायचं. धडा वाच, शब्दार्थ लिही, प्रश्नोत्तरं पाठ कर, ह्या रस्त्याने नाही, नाटक नाटकासारखं. गोष्ट सोपी होती. राणी मरते, तिची दोन मुलं राज्य वाटून घेतात, आणि ऐन मेजवानीत राणीचं भूत येऊन विचारतं, माझी जागा कुणी घेतली?

(इथेच एखाद्या शहाण्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडला असता. कारण सासूबाईंचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं, आणि माझा नवरा विलास व माझे मोठे दीर, ज्यांना मी दादा म्हणते, हे दोघे घराच्या वाटण्या करत होते. अंगणाच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं होतं. पण माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मी इंग्रजीचं नियोजन करत होते.)

पहिल्या तासाला पुस्तक उघडायचंच नाही, असं मी योजलं. वर्गाच्या खिडक्या लावायच्या, दिवे बंद करायचे आणि फक्त भुताचा आवाज ऐकवायचा. आधी अहिराणीत, म्हणजे तो पोटात शिरेल, मग इंग्रजीत. आता प्रश्न आवाजाचा. माझा आवाज हजेरी घेण्यापुरता ठीक आहे. राणीला तो शोभला नसता.

तेवढ्यात म्हसावदहून मावशी राहायला आल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची सख्खी धाकटी बहीण. आवाज भरदार, थोडा घोगरा. एक शब्द बोलल्या की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते. मी त्यांना नाटक सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, राणीच्या मुलांना दोन शिव्या दिल्या आणि म्हणाल्या, "भूत काय बोलस ते सांग. मी बोली देसू."

रेकॉर्डिंगला जागा कापसाची खोली निवडली. त्या दिवसांत आमची पुढची खोली जवळजवळ छतापर्यंत कापसाने भरलेली असते. आत गेलं की बाहेरचं जग बंद होतं. ट्रॅक्टर ऐकू येत नाही, कुत्रं ऐकू येत नाही, आपलाच श्वास तेवढा कानाशी येतो. पांढऱ्या ढिगाऱ्यात वाट काढून आम्ही दोघी बसलो. सासूबाई शेवटचे महिने ह्याच खोलीत होत्या, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघींनीही त्याचा विषय काढला नाही.

मावशींनी डोळे मिटले आणि वाक्यावाक्याला लांब थांबत म्हटलं, "मन्ही जागा कोनी लिधी? मी मरी गऊ, पन गऊ कोठे? आठेच शे मी. दोन्ही भाऊ समोरासमोर बसा, आनि मन्हा डोयामा देखीसन सांगा."

मेले, पण गेले कुठे, इथेच आहे! माझ्या हातावर काटा उभा राहिला. मी स्वतःच लिहिलेलं वाक्य ऐकून मला काटा आला, म्हणून मी स्वतःवर फार खूश झाले. काटा का आला, ह्याचा विचार केला नाही.

दोन-तीन दिवसांनी भिंतीची आखणी होती. गवंडी दोरी आणि चुना घेऊन संध्याकाळी आला. थंडीचे दिवस, उन्हं गेली की तापीकडून धुकं शेतांवर सरकत येतं, आणि केळीच्या बागा आधी अर्ध्या आणि मग सगळ्याच नाहीशा होतात. त्यात वीज गेली. जाऊबाई मुलांना घेऊन माहेरी लग्नाला गेल्या होत्या. मावशी शेजारी बसायला गेल्या होत्या. अंगणात दादा एका टोकाला, विलास दुसऱ्या टोकाला, आणि मधे गवंडी दोरी ताणतोय. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते गवंड्याला सांगत, आणि गवंडी ते चार हातांवरच्या दुसऱ्या भावाला सांगे.

हे बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि उद्याच्या तासाची तयारी काढली. कानात इयरफोन घातले, मोबाइलवर भुताचं रेकॉर्डिंग लावलं. काहीच ऐकू आलं नाही. आवाज वाढवला. तरी नाही. मग मी तो शेवटपर्यंत वाढवला.

झालं होतं असं. शाळेसाठी घेतलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर मी दुपारी कापसाच्या ढिगावर ठेवून तपासून पाहिला होता आणि बंद करायला विसरले होते. तो घसरून कापसात बुडाला होता. माझा मोबाइल इयरफोनशी नाही, त्याच्याशी बोलत होता.

अंगणातल्या तिघांना जे ऐकू आलं ते असं: अंधारलेल्या, बंद खोलीतून, जिथे त्यांची आई गेली होती त्याच बाजूने, कापसातून गाळून आलेला आईचा आवाज. मन्ही जागा कोनी लिधी?

मला बाहेरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. धावत ओसरीवर आले. चुन्याचं घमेलं उपडं झालं होतं. गवंडी फाटकाच्या बाहेर पोचला होता आणि मागे न बघता चालत होता. पळण्याचीही त्याला भीती वाटत असावी. दादा खोलीच्या बंद दाराकडे बघत उभे होते. लग्न होऊन आल्यापासून ज्यांना मी फक्त हुकूम सोडताना ऐकलं, ते दादा लहान मुलाच्या आवाजात म्हणाले, "माय, भिंतनं मी नही, धाकलानी सांगं."

"मी नुस्तं हो सांगं," विलास म्हणाला.

आतून आवाज आला की दोन्ही भाऊ समोरासमोर बसा, आणि राणीचं बोलणं संपताच माझ्या अंगठ्याने सवयीने हातातला मोबाइल थांबवला. मी आयुष्यात विद्यार्थ्यांना एवढ्या तत्परतेने आज्ञा पाळताना पाहिलेलं नाही. दोघे चुन्यात मांडी घालून बसले, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं असेल.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून धुक्यासकट मावशी आत आल्या. अंगावर सासूबाईंचं हिरवं लुगडं. वर्षश्राद्धाला आम्हीच ते त्यांना दिलं होतं, आणि थंडी म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता. चेहरा दिसत नव्हता. विलासने दादांचा हात घट्ट धरला होता, की दादांनी विलासचा, ते सांगता येणार नाही.

मला आता सगळा प्रकार कळला. मी मधे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, भूत नही शे. हाऊ पाठ शे. दहावीना."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "इंग्रजीना?"

"हो."

"मंग माय अहिराणी काब्रं बोली ऱ्हायनी?"

अहिराणीत का, ह्यावर माझ्याकडे शैक्षणिक उत्तर होतं, पण ती वेळ नव्हती. मी मावशींचा पदर मागे केला, चेहरा दाखवला, कापसात खांद्यापर्यंत हात घालून स्पीकर शोधून आणला आणि सगळ्यांसमोर रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मावशी कौतुकाने ऐकत होत्या. बघा, मन्हा आवाज, असं त्यांनी दोनदा सांगितलं. राणीचं बोलणं संपलं. मावशींच्या नादात मी बंद करायचं विसरले, आणि थोड्या शांततेनंतर आणखी एक वाक्य आलं. हळू, लांबून, जरा थकलेलं.

"दिवा लावा रे, अंधारं पडी गयं."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. नाटकात ते नव्हतं. राणीचं बोलणं झालं की मी दर वेळी तिथेच थांबवत असे. पण घरातल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. सासूबाई रोज तिन्हीसांजेला, अगदी शेवटच्या आजारपणातही, त्या खोलीतून हेच म्हणायच्या.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांचं कौतुक मावळलं होतं.

"हाई मी बोलनू नही," त्या म्हणाल्या.

धुकं आता ओसरीपर्यंत आलं होतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. मावशी रेकॉर्डिंग संपवून उठताना सवयीने बहिणीसारखं बोलून गेल्या असतील आणि विसरल्या असतील. माझं लक्ष बटणाकडे असेल. हे मला पटतं. दिवसा तर पूर्ण पटतं.

दादा उठले. धोतराचा चुना न झटकता आत गेले, देवघरातला दिवा लावला आणि तो उचलून कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. मग मला म्हणाले, पोरी, ते पुन्हा एकदा लाव. शेवटचंच. ते ऐकताना दोघे भाऊ उंबऱ्याला टेकून बसले होते. विलास रडत होता. दादा रडत नव्हते, पण त्यांना नाक पुसायला त्याचाच रुमाल लागला.

शेताची वाटणी पुढे झाली. ती व्हायचीच होती, आणि भांडण न होता झाली. भिंत घालायची मात्र राहून गेली. दादांनी तो विषय काढला नाही, आणि काढला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्या गवंड्याने इतक्या गावांत इतकं रंगवून सांगितलं होतं की रनाळ्यापर्यंतचा एकही कारागीर आमच्या अंगणात यायला तयार नव्हता.

राहिला माझा पाठ. दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या खिडक्या लावल्या, दिवे घालवले आणि मावशींचा आवाज सोडला. शेवटचं वाक्य मी काढून टाकलं होतं. मी श्वास रोखून वाट बघत होते. एकही मूल घाबरलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, हाई तं मन्ही आजीसारखं बोलस, आणि सगळा वर्ग आपापल्या आजीच्या गप्पांत रमला. मी हिरमुसले. पण नियोजनात पुढची पायरी होती, म्हणून अंधारातच, मोबाइलच्या उजेडात पुस्तक उघडलं आणि राणीचं तेच भाषण भावनेत शिरून, माझ्या स्वतःच्या आवाजात, मूळ इंग्रजीतून वाचायला सुरुवात केली.

तेव्हा मात्र वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली, पहिल्या बाकावरच्या दोघी एकमेकींना बिलगल्या, आणि शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार ढकलून विचारायला आले की इथे कुणाला काही झालंय का.