डोंगरासाठी घेतलेले टायर

पिकअप दादाच्या नावावर होती, कारण मी शाळामास्तर. नोकरीत असताना धंदा करता येत नाही, म्हणून आमच्याकडचे पुष्कळ मास्तर भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर काहीतरी चालवतात. सगळ्यांना ते ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. मीही तेच केलं. गाडीत निम्मा वाटा माझा, कागदावर मी कुठेच नाही. गाडी सायखेड्याला दादाच्या दारात उभी राहायची आणि मी राहायचो नाशकात, इंदिरानगरला.

गाडी घेण्याचं कारण मात्र तिसरीकडेच होतं. नव्वदच्या सुमारास माझी पहिली नेमणूक पेठच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर झाली होती. खोली मिळेना, तेव्हा माझ्याच वयाच्या एका शेतकऱ्याने आपल्या घराची पडवी मला दिली. पुढे बदली होऊन मी शहरात आलो, तरी तो येत राहिला. मित्रच म्हणतो त्याला, जरी तो मला शेवटपर्यंत गुरुजीच म्हणाला. आला की पिशवीत थोडा तांदूळ असायचा आणि तोंडात एकच विषय. पावसाळ्यात त्यांच्या उतारावर कारली भरपूर येतात, पण डांबरी रस्त्यापासून पाड्यापर्यंतचा लाल मातीचा चढ त्या दिवसांत कुठलीच गाडी चढत नाही. बायका डोक्यावर पाट्या घेऊन खाली उतरतात. उशीर झाला की जीपवाला निघून गेलेला असतो, माल रस्त्याकडेला सडतो.

“गाडी वर आली तर अख्खा पाडा कारली लावील,” तो म्हणायचा. “पण मग ती आलीच पाहिजे, गुरुजी. मी सांगितलं म्हणून लोकं लावणार. नाय आली तर मला तिथं तोंड दाखवाया जागा नाय.”

येईल, मी म्हटलं. दादालाही म्हटलं. तो हो म्हणाला.

गाडी जुनी होती, टायर पार घासलेले. ऐन उन्हाळ्यात आम्ही तिघं द्वारका चौकाजवळच्या एका टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन प्रकार काढून भिंतीला टेकवले. एक सरळ रेघांचा, डांबरासाठी. एक ट्रॅक्टरच्या टायरसारखा, मोठाल्या ठोकळ्यांचा. तिसरा मधला, नक्षी खोल पण ठोकळे लहान नि जवळजवळ. “हा ऑल टेरेन,” तो म्हणाला. “चिखल, खडी, रोड, सब जगह चलेगा.”

मला ठोकळ्यांचा आवडला होता. दिसायलाच पैलवान. मित्र उकिडवा बसला आणि नक्षीत अंगठा घालून बघत राहिला.

“हा नको,” म्हणाला. “नाशकापासून सगळं डांबरच हाय की. त्याच्यावर हा झिजंल, तुमचं नुकसान. आपला चढ तेवढाच. मधला घ्या.” मग दुकानदाराकडे वळून, “लाल माती या फटीत बसली तर निघंल का?”

“चाक फिरलं की निघेल.”

“आमची माती नागलीच्या पिठागत चिकटते.”

“मग काका, माती तुमची, गाडी यांची, मी फक्त हवा भरतो,” दुकानदार म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

दादा बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “बघा तुम्ही दोघं. मला काय कळतं. मी आपला ड्रायव्हर.”

चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याला त्याचा माल मुंबईला न्यायचा शब्द त्याने त्याआधीच देऊन टाकला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो चहा पिताना, टायर बसताना, मित्राने स्टेपनीसकट पाचही टायरांना कुंकवाचं बोट लावलं तेव्हा, दादाला ठाऊक होतं की ही गाडी डोंगरात जायची नाही. तोंडावर नाही म्हणाला असता तर मी भांडलो असतो आणि विसरलोही असतो. तो चहा पीत बसला. आणि निघताना मित्राच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, लावा कारली बिनधास्त.

लोकांनी लावली. मांडव घातले. श्रावणात पहिला तोडा ठरला, तेव्हा आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सायखेड्याला गेलो. अंगणात पिकअप उभी होती आणि तिच्या चारही चाकांवर सरळ रेघा होत्या. क्षणभर वाटलं, दुसऱ्या कोणाची गाडी आहे. मागून वाकून पाहिलं. खाली लटकवलेली स्टेपनी तेवढी आमची होती, कुंकवाच्या डागासकट.

“ते व्हय?” दादा म्हणाला. “चांदवडला एकाला पाहिजे होते, दिले. डांबरावर लय घुमायचे. आपली मुंबई सुरू झाली ना रोजची.”

“रोजची? मला सांगायचंस तरी.”

“काय सांगायचं? चार पाट्या कारल्यासाठी डोंगर चढायचा? तुझं प्रेम हे तिकडं, मी समजू शकतो.”

“गाडी दोघांची आहे, दादा.”

“कोणाच्या नावावर हे, मास्तर?” हे तो हसूनच म्हणाला. मग आवाज उतरवून, जवळजवळ काळजीने, “मोठ्यानं नको बोलू. कोणी ऐकलं तर नोकरी तुझीच जाईल.”

वहिनीने चहा आणला. मी तो प्यायलो. उद्याचा दिवस येतो तुझ्यासाठी, असं दादाने कबूल केलं, आणि मला, खरं सांगतो, ते त्याचे उपकार वाटले.

दुसऱ्या दिवशी चढाच्या निम्म्यावर गाडी घसरायला लागली. पाड्यावरचे लोक धावत खाली आले. दगड लावले, पेंढा टाकला, सागाच्या फांद्या टाकल्या. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, रेघा मातीने बुजून गेल्या, आणि शेवटी गाडी तिरपी होऊन भाताच्या बांधाला टेकली. दादाने ती हळूहळू मागे डांबरावर उतरवली, इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळत बसला. चढाच्या माथ्यावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या.

मित्र चाकाशी बसला. हाताने माती पुसली.

“हे ते नायत, गुरुजी.”

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, “ते खराब निघाले. दुकानदाराला परत केले.”

दादाने विकले म्हटलं असतं, तर गुरुजींच्या गाडीचे टायर भावाने कसे काय विकले, हा प्रश्न आला असता. त्यातून नाव, कागद, नोकरी. एवढं सगळं मला त्या क्षणात सुचलं. टायर कोणी निवडले होते, तेवढं सुचलं नाही.

“टायर निवडाया नाशकाला गेला होता म्हणं,” गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. “लय मोठा पारखी.”

“आता कारली तूच खा,” दुसरा म्हणाला. “जन्मात साखर व्हायची नाय तुला.”

काही जण हसले. मित्र उठला, वर गेला, एक पाटी डोक्यावर घेऊन खाली आला, गाडीत ठेवली आणि पुन्हा वर गेला. डोक्यावरून जेवढं उतरलं तेवढंच त्या दिवशी भरलं. पुढच्या आठवड्यापासून दादा आला नाही. उरलेली कारली वेलावरच पिकून फुटली असणार. मी बघायला गेलो नाही.

काही दिवसांनी मित्र घरी आला. हातात पिशवी नव्हती. आत ये म्हटलं तरी दारातच उभा राहिला.

“दुकानात जाऊन आलो,” म्हणाला. “टायर कोणी परत आणलेच नाय म्हणतो तो.”

मग मी सगळं सांगितलं. दादा, चांदवड, कांदा. बोलता बोलता माझा आवाज चढला. मलाच कसं फसवलं, हे मी त्याला पटवून द्यायला लागलो. त्याने पुरतं ऐकून घेतलं.

“मग हेच वर सांगायचं ना. भावानं विकले म्हणायचं. लोकांनी भावाला शिव्या घातल्या असत्या.”

“नोकरीचा प्रश्न होता रे. कोणी तक्रार केली असती तर?”

“आमच्यातलं कोण?” तो म्हणाला. “नाव सांगा, गुरुजी. कोण करणार होतं?”

त्या पाड्यावरच्या प्रत्येक घरात मी जेवलो होतो. बायकोने पाणी आणलं, ते तो प्यायला, तांब्या तिच्या हातात दिला आणि जिना उतरून गेला.

दादाशी माझं आजही बोलणं आहे. दिवाळीला जातो, लग्नकार्यात एका पंगतीला बसतो. त्याने मला फसवलं हे मी बायकोला, मेव्हण्याला, शाळेतल्या लोकांना कितीदा सांगितलं असेल. ते खोटं नाही. पण गाडी बांधाला टेकली, इथवर आलो की मी थांबतो. तिथे मी काय बोललो, ते बायकोलासुद्धा माहीत नाही.

मध्यंतरी त्या बाजूने बदलून आलेले एक मास्तर भेटले. पाड्यापर्यंत आता डांबर झालंय, म्हणाले. मी धीर करून मित्राचं नाव घेतलं.

“ओळखतो की. द्राक्षांच्या कामाला माणसं घेऊन येतात ते दर हिवाळ्यात, पिंपळगावकडे. नाशकातूनच जातात. निरोप देऊ का तुमचा?”

“नको,” मी म्हटलं. “कामाच्या घाईत असतील.”